सुनेची दीर्घिका आन् कदमचा स्लॅब

ह्यातला एक शब्द खरा मानून दाखव, मंग तुला मानते मी! बजाजनगरात, कंपन्यांच्या उजेडात राहून कुणी आभाळाचे फोटो काढतं का? पण आमच्या गच्चीवर हेच चालतं. आन् असले किस्से गच्चीवरच्या धुळीवानी साचतात. आज झाडलं तरी उद्या हायेतच!

माझी सून वैशाली. कंपनीत पार्ट तपासती, शिफ्ट सुटली की दुर्बिणीला कॅमेरा लावून बसती. जोडीला शेजारचा सलीम, एसी दुरुस्त करणारा. दोघांना एक दीर्घिका पाहिजे व्हती. अब्जावधी ताऱ्यांचा पुंजका म्हणं, पण इतका लांब, की पिठाचं बोट पुसल्यावानी दिसतो.

अजिंठ्याकडं अंधार हाय, तिकडं सोपं जातं. पण मला शुगर, रात्री एकटं सोडवत नाय तिला. म्हणून गच्चीवरूनच. त्यात समोरचा कदम वरचा मजला चढवायला निघाला. स्लॅब पडला की उत्तरेचं आभाळ बंद. त्याच्या आत फोटो पुरा व्हायला पाहिजे, एवढीच पोरीची धडपड.

*

पहिला फोटो दाखवला. सगळा राखाडी.

"काय गं, भिंतीचा काढला का?"

"आई, एका फोटोत थेंबभर उजेड येतो. असे शेकडो एकावर एक ठेवायचे. मग ती वर येते."

"म्हंजी साय धरायची. रोज थोडी थोडी."

"व्हय," रस्त्यावरच्या दिव्यांकडं बोट करून म्हणाली, "पण इथं मांजरं लई!"

*

एकदा दिवस मावळायच्या टायमाला म्हणाली, "आई, पांढरं कापड द्या." दुर्बिणीच्या तोंडावर ताणून फोटो काढायचा. काचेवरच्या धुळीचे डाग कळतात म्हणं, मंग ते वजा करायचे. मी ह्यांचं जुनं धोतर फाडून दिलं. मालक गेले तवापासून ट्रंकेतच व्हतं.

सलीमनं ताणलं आन् थांबला. "मावशी, ये तो पिवळं आहे!"

लग्नातलं धोतर ते. हळद कुठं जाती!

वैशालीनं गुपचूप घडी करून परत दिलं आन् आपला पांढरा ड्रेस फाडला.

*

कदमच्या दारात मोठा फोकस. सगळा उजेड आमच्या गच्चीवर. वैशालीनं हात जोडून सांगितलं. "चोर आले तर?" म्हणाला.

मंग मी गेले. म्हणलं, "कदमभाऊ, उजेडाला किडे येतात. किड्यांमागं पाली. पालींमागं कोण येतं, रातच्याला नाव घेत नाय मी."

त्या रात्री फोकस बंद! पोरगी खूश.

पण कदम रातभर बॅटरी घेऊन अंगणात फिरायला!

*

चिकलठाण्याहून उडालेलं विमान एकदा बरोबर फोटोतून गेलं. ही लांब पांढरी रेघ.

सलीम म्हणाला, "रहने दो ताई, त्याच्यात माझा मेहुणा हाय. मुंबईला चाललाय."

वैशाली म्हणाली, फोटो एकावर एक ठेवले की जे एकदाच येऊन जातं, ते कॉम्प्युटर आपोआप काढून टाकतो.

सलीम हसला. मी नाय हसले. खाली जाऊन ट्रंकेतलं धोतर एकदा बघून आले.

*

आन् मंग स्लॅबचा दिवस ठरला. आधी आठवडाभर ढग. ढग फाटले तवर कदमच्या सेंट्रिंगच्या प्लेटा, स्लॅब ज्याच्यावर ओततात त्या, लागल्या व्हत्या. दीर्घिका बरोबर त्याच्यामागं. उद्या सकाळी स्लॅब. वैशाली दुर्बिणीवर कापड टाकायला लागली.

समोरून कदमचाच आवाज आला. "ताई, आणा इकडं. प्लेटांवर ठेवा ना."

सलीमनं दुर्बीण नेली. वैशाली माझ्याकडं बघत उभी. "जा गं," म्हणलं, "गल्लीपल्याड तर हाय! दिसते की मी तुला."

प्लेटांवर पाय टाकला की सगळं हलायचं. वैशाली म्हणाली, "कुणी हलू नका." तिघं खांबावानी उभे. गल्ली इतकी अरुंद, त्यांचा श्वासबी मला ऐकू यायला.

लई येळानं वैशाली ओरडली, "झालं! आई, मिळाली!" सलीम मटकन खाली बसला.

कदम मात्र तसाच उभा.

"भाऊ, हला आता."

हळूच म्हणाला, "ताई, हा उजेड कवा निघाला असंल तिथून?"

"पृथ्वीवर माणूस यायच्या आधी."

"मंग थांबा जरासं," कदम म्हणाला, "आत्ता कुठं पोचलाय बिचारा."

ऊठ, झाला किस्सा, जाय आता घरी.