वाळुंज सरांचं कलम दोन आणि गोजरबाईचा बांध

कल्याण वाळुंज सरांचं डोकं फिरायला एक प्रश्न पुरे व्हायचा: "सर, युनोचा धडा किती मार्कांना आहे?" मार्कांना! अहो, दोन महायुद्धांत कोट्यवधी माणसं मेली, तेव्हा कुठे जगाला सुचलं की एका देशानं दुसऱ्यावर हात उगारायचा नाही. आणि ही कार्टी मार्क विचारतात. सर टेबलावर खडू आपटायचे, खडूचे दोन तुकडे व्हायचे आणि धडा सुरू व्हायचा.

देवळाली प्रवरेपासून पाच-सहा किलोमीटरवरच्या एका गावातल्या हायस्कुलात सर सत्तावीस वर्षं इतिहास-नागरिकशास्त्र शिकवत होते. नववीतला हा धडा बाकीचे शिक्षक दोन तासांत उरकतात. सर आठ तास घ्यायचे. एकोणीसशे अठ्ठावीसच्या पॅरिस करारापासून सुरुवात. मोठमोठ्या राष्ट्रांनी सह्या करून कबूल केलं की भांडण मिटवायला युद्ध करायचं नाही. करार मोडणाऱ्याचं काय करायचं, तेवढं मात्र लिहायचं राहिलं. अकरा वर्षांत दुसरं महायुद्ध. मग पंचेचाळीसची सनद आणि तिच्यातलं सरांचं लाडकं कलम दोन, परिच्छेद चार: कोणत्याही राष्ट्रानं दुसऱ्याच्या भूमीविरुद्ध बळ वापरायचं नाही, तशी धमकीसुद्धा द्यायची नाही. हे वाक्य सर एकेका पोराला उभं करून म्हणवून घ्यायचे. त्यानंतर कलम एक्कावन्न, स्वसंरक्षणाचं. "आणि या दारातनं सगळे चोर आत येतात," सर ओरडायचे. "मारणारा प्रत्येक जण सांगतो, मी स्वतःला वाचवत होतो!"

दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत तर सरांनी कहर केला. रशियानं युक्रेनमध्ये सैन्य घातलं. दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेत निषेधाचा ठराव आला आणि रशियानं नकाराधिकार वापरून तो पाडला. त्या महिन्यात पाळीनुसार परिषदेचं अध्यक्षपदही रशियाकडेच होतं. "घुसला तोच, खुर्चीत तोच, आणि ठराव नामंजूर म्हणणाराही तोच!" असं म्हणून सरांनी रागारागानं फळा पुसायला घेतला आणि अख्खा पुसून टाकला, गणिताच्या मॅडमनी 'पुसू नये' लिहून राखून ठेवलेलं प्रमेयसुद्धा. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "सर, आपल्या देशानं काय केलं?" "आपण तटस्थ राहिलो," सर म्हणाले. त्याची कारणं पुढच्या तासाला सांगतो म्हणाले, आणि पुढच्या तासाला भूगोलाच्या सरांना वर्ग देऊन टाकला.

हे सगळं वर्गातल्या पोरांनी ऐकलं न ऐकलं, पण एक जण नेमानं ऐकत होती. नववीच्या खिडकीला लागूनच पोषण आहाराची शेड होती आणि तिथे गोजरबाई खिचडी शिजवायची. साठीच्या पुढची, विधवा, सव्वा एकराची धनीण. पंधरा वर्षं डाळ-तांदूळ निवडता निवडता तिनं पंधरा वेळा हा धडा ऐकला होता. सुरक्षा परिषदेच्या पाची कायम सदस्यांची नावं तिला पाठ होती. नववीतल्या निम्म्या पोरांना नव्हती.

आता गोजरबाईच्या सव्वा एकराला लागून कुणाची जमीन असावी? वाळुंजांचीच. आठ एकर, दोघा भावांची सामाईक, सगळा ऊस. कसणारे थोरले कानिफनाथ. आणि हे कानिफनाथ म्हणजे गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. गावातली भांडणं कोर्टात जाऊ न देता पारावर मिटवायची, हे त्यांचं काम. माणूस बोलायला साखर. फक्त दरवर्षी उसाची नांगरट आली की त्यांचा ट्रॅक्टर गोजरबाईच्या बांधाशी थोडा सलगी करायचा. एका वर्षी वीतभर, एका वर्षी हातभर. बांध कोरायचा तो असा सावकाश, की बघणाऱ्याला वाटावं, पूर्वीपासून इथंच होता.

सर देवळालीत राहायचे, शेतावर महिन्यातून एखाद्या रविवारी. बांध सरकलाय हे त्यांना दिसलं नाही, असं ते सांगायचे. मी म्हणतो, न दिसायला काय झालं होतं? जगाच्या नकाशावर कुठली सीमा किती किलोमीटर सरकली हे तोंडपाठ, आणि स्वतःच्या उसाची एक सरी वाढली ते दिसत नाही! पण माणूस असाच असतो, आणि सर तर जरा जास्तच तसे होते.

वाळुंजांच्या घरात एक रीत होती. कानिफनाथ कागद घेऊन शाळेच्या फाटकाशी यायचे, मोटरसायकलच्या सीटवर तो पसरायचे, बोट ठेवायचे, आणि सर सही करायचे. कारखान्याची ऊसनोंद असो, पंपाची वीज असो, सोसायटीचं कर्ज असो. वाचायचं नाही. थोरल्या भावाचा कागद वाचून सही करायची म्हणजे भावावर संशय घेणं. वडील असेपर्यंत वडिलांच्या कागदांवर अशाच सह्या झाल्या, पुढे भावाच्या. ही आमच्याकडची इज्जत, आणि हिच्यापायी किती घरांचं वाटोळं झालं त्याची मोजदाद नाही.

दोन हजार चोवीस साली दिवाळीची सुट्टी उशिरा होती, म्हणून चोवीस ऑक्टोबरचा संयुक्त राष्ट्र दिन शाळेत साजरा झाला. दरवर्षी तो साजरा व्हावा असा सरांचाच हट्ट. प्रमुख पाहुणे कोण, तर मुख्याध्यापकांनी बोलावलं तंटामुक्तीच्या अध्यक्षांना. कानिफनाथांनी फेटा बांधला, हार घालून घेतला, आणि चाळीस मिनिटं बोलले. "शेजाऱ्याशी गोडीनं ऱ्हावं. कुनाच्या हक्कावर टाच आनू नये. गावाला शांतता लागती आन् जगाला बी लागती." पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या, जरा अभिमानानंच.

कार्यक्रम संपला, पाहुणे चहाला गेले, आणि गोजरबाई ओले हात पदराला पुसत सरांपुढे येऊन उभी राहिली.

"सर, एक इचारू का? तुमी म्हनता, पाचातल्या एकानं न्हाई म्हनलं की समदं बंद पडतं. व्हय ना?"

"हो मावशी. नकाराधिकार." सर खूश झाले. निदान कुणीतरी शंका विचारत होतं.

"मंग माझी मोजनी दोनदा माघारी गेली, तिला न्हाई कोन म्हनलं?"

सरांना काहीच कळेना. मग गोजरबाईनं सगळं सांगितलं. तिनं सरकारी मोजणीचा अर्ज केला होता. मोजणीवाले आले, मशीन लावायच्या आतच शेजारच्यांची हरकत पुढे आली: हद्दीचा वाद आहे, मोजू नये. आले तसे गेले. दुसऱ्यांदाही तसंच. आणि आता बांध कोरत कोरत तिच्या बोअरपासून दोन फुटांवर आला होता. सव्वा एकर जी काही पिकत होती ती त्या बोअरच्या पाण्यावर. ऊस तुटायला महिना-दीड महिना राहिला होता. तोडीनंतर नांगरट झाली की बोअर वाळुंजांच्या उसात, आणि गोजरबाईची जमीन कोरडी.

"हरकत दादांनी घेतली?" सरांचा आवाज चढला. "लेखी?"

"लेखी. म्या तालुक्याला जाऊन कागद बघितला. खाली दोन सह्या हायत." ती थांबली. "येक तुमची."

सरांना आठवलं. ऑगस्टात, फाटकाशी, पाऊस भुरभुरत होता, दादा म्हणाले होते, "शेतीचाच कागद हाय, भिजंल, लवकर कर."

"मी वाचला नव्हता मावशी."

"न वाचता का हुईना, बंद तर पडलं," गोजरबाई म्हणाली आणि भांडी घासायला गेली. सरांना इतकी लाज वाटली की ते चहाला गेलेच नाहीत.

त्या संध्याकाळी सर शेतावर गेले. बांध बघितला. पूर्वी ज्याच्यावरून बैलगाडी जायची, त्यावरून आता माणसाला पाय जपून टाकावा लागत होता, आणि तोही होता तिथे राहिला नव्हता. कानिफनाथ वस्तीवर खाटेवर बसले होते, फेटा अजून डोक्यावर.

"दादा, हे काय चाललंय?"

"काय चाललंय? तिच्या बोअरचं पानी माझ्या उसात घुसतं. मुळ्या कुजत्यात. म्या माझं रान वाचवतो हाय."

कलम एक्कावन्न! सत्तावीस वर्षं ज्या सबबीवर सर खडू मोडत आले, ती सबब त्यांच्याच वस्तीवर त्यांच्याच भावाच्या तोंडून, तीही पाच इंची बोअरच्या नावानं! रानाचा उतार गोजरबाईकडे होता. पाणी वर चढून उसात घुसत असेल तर तो बोअर नव्हे, चमत्कार होता.

"मग समितीपुढे ठेव हे. गावासमोर होऊ दे."

"समितीचा अध्यक्ष मी हाय ना! माझ्यापुढं माझंच काय ठिवतो?" कानिफनाथ मनापासून हसले. "तू शाळंत शिकिव. त्यो धडा हाय, ही शेती हाय."

दुसऱ्या दिवशी सरांनी रजा टाकली आणि तालुक्याचं मोजणी कार्यालय गाठलं. माझी हरकत मी मागे घेतो, असा स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला. कारकुनानं तो उलटसुलट बघितला. "सर, तुमची मागं घेतली, भावाची आहेच की. एकाची असली तरी आमचा माणूस जागेवर वाद नको म्हणून परत येतो." सर चिडून म्हणाले, "म्हणजे एकटा माणूस नाही म्हणाला की सगळा कायदा झोपणार?" कारकून म्हणाला, "कायदा कुठे झोपलाय? आम्ही तुम्हाला पोच देतोय ना." आणि खरंच शिक्का मारून पोच दिली.

पोच! त्या पोचेचं काय करायचं, लोणचं घालायचं? सर पंधरा दिवस धुमसत राहिले. वर्गात खडू आपटेनात, ते तर पोरांना जास्तच भीतिदायक वाटलं. सरपंचांकडे गेले, ते म्हणाले, घरचा मामला आहे. समितीच्या दोघा सदस्यांना भेटले. ते म्हणाले, आम्ही तटस्थ. हा शब्द ऐकून सर बाहेर आले आणि फाटकाला लाथ मारून पायाचं बोट सुजवून घेतलं.

शेवटी उसाला तोड आली. ट्रॅक्टर यायला चार दिवस राहिले असताना सर लंगडत पुन्हा वस्तीवर गेले आणि म्हणाले, "दादा, वाटणी करू."

कानिफनाथ चपापले. वडील गेल्यापासून वाटणीचा शब्द कुणी काढला नव्हता.

"चार एकर तुझे, चार माझे. रस्त्याकडचे, पाटाच्या पाण्याचे तू घे. बांधाकडचे मला दे."

रस्त्याकडची जमीन काळीभोर. बांधाकडची पाणी पाजून पाजून चोपण झालेली, वर मिठासारखा पांढरा थर. तिच्यात ऊस निम्मासुद्धा येत नसे. सरांनी रस्त्याकडच्या तुकड्यावर निवृत्तीनंतर घर बांधायचं ठरवलं होतं, विटांचा भावसुद्धा काढून ठेवला होता. कानिफनाथांनी हिशेब मनातल्या मनात पटकन केला, चेहऱ्यावर मात्र दुःख आणलं. "शेजारनीसाठी भावाशी वाटनी करतो व्हय रं?"

"तुझ्याशी भांडायचा मला कंटाळा आलाय दादा," सर म्हणाले. आणि हे मात्र अगदी खरं होतं.

पारावर चार माणसांसमोर वाटणी ठरली, आणि बांधाकडच्या जमिनीवर हरकत घ्यायला कानिफनाथ उरले नाहीत. ट्रॅक्टर रस्त्याकडे वळला. त्याच रविवारी सर कुदळ घेऊन बांधावर गेले, दोन मजूर लावले, आणि बोअरपासून आठ पावलं मोजून बांध पूर्वी होता तिथे पुन्हा घालायला लागले. पाठ धरली, हाताला फोड आले, चोपणातून कुदळ जाईना. दुपारी गोजरबाई आली. सरांनी घाम पुसला. आता बाई डोळ्यांत पाणी आणेल, अशी त्यांची तयारी झाली होती.

गोजरबाई बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली.

"बांध झ्याक घातला सर. आता मोजनीचा आर्ज परत टाकते. तुमची न्हाई ना हरकत?"

"आता मोजणी कशाला मावशी?" सर दुखावले. "माझ्याकडची जमीन आहे आता ही. मी कशाला बांध कोरीन? माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर हाय की. पन तुमी किती दिस ऱ्हानार? उद्या तुमचं पोरगं येईल, न्हाईतर तुमी हे इकून टाकाल, घेनारा कसा निघंल कुनाला ठावं. तुमी चांगलं हाय म्हनून माझी जमीन माझी, असं नगं मला सर. माझी हाय म्हनून माझी असू द्या."

सरांना आधी राग आला. चार एकर काळी जमीन घालवली, घर गेलं, भाऊ तुटला, आणि हिला हद्दीचा दगड रोवून पाहिजे! मग राग जागच्या जागी विरला. सत्तावीस वर्षं आठ-आठ तास घसा फोडून जे पोरांच्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते या बाईनं बांधावर उभं राहून चार वाक्यांत सांगितलं होतं.

"टाका अर्ज," ते म्हणाले. "मोजणीच्या दिवशी मी इथं उभा राहीन."

"आन् तुमी घातलेला बांध तुमच्याच रानात पाऊल-दोन पाऊल आत गेला असला तर?" गोजरबाईनं विचारलं.

"तर मशीन दाखवील तिथे दगड रोवू," सर म्हणाले आणि चोपणात रुतलेली कुदळ उपसायला वाकले.