नावाड्याचा चेहरा

त्या बाई दुकानात आल्या तेव्हा मी पासपोर्ट फोटो कापत बसलो होतो. गेवराईत माझा छोटासा स्टुडिओ आहे. अर्जाला लागणारे फोटो, लग्नं, बारशी यांवर घर चालतं. नदीचे फोटो हे माझं दुसरं काम, जे मला कुणीच सांगितलेलं नव्हतं. नऊ वर्षं मी सवड मिळेल तसा मोटारसायकल काढून उमापूरच्या पुढे गोदावरीच्या काठाला जात होतो. सुरुवातीला फार हुरूप होता. नंतर मात्र दर खेपेला नदी आधीपेक्षा थोडी कमीच भेटायची. वाळू उपसून नेलेली, तिथे खड्डे, खड्ड्यांत हिरवट पाणी, काठावर वेड्या बाभळी. तेच ते टिपून टिपून मी थकलो होतो. त्यात गुडघा धरला. गेलं वर्षभर तर मी नदीवर गेलोच नव्हतो, आणि खरं सांगायचं तर गुडघ्याचं निमित्त मला बरंच वाटत होतं.

"वळखलं न्हाई का दादा?" बाई म्हणाल्या. "नदीवरच्या नावाड्याची मी."

मग ओळखलं. त्यांचे मालक अलीकडच्या माणसांना पलीकडच्या काठाला नेऊन सोडायचे, उरल्या वेळात मासे धरायचे. त्यांना मी मामा म्हणत असे. त्यांच्या नावेत बसूनच माझे निम्मे फोटो निघाले होते.

"बसा मामी. मामा कसे आहेत?"

"ते गेले की," त्या म्हणाल्या. आवाज अगदी सपाट. "पाणी ऱ्हायलं न्हाई, नाव चालंना. मग गेल्या साली आमी ऊस तोडायला गेलतो. या वयात. तिकडं फडावरच गेले. मोळी घिऊन गाडीच्या फळीवर चढले, खाली उतरून बसले अन् पाणी मागितलं. मी पाणी आणूस्तवर संपलं सगळं."

वर्ष होत आलं होतं आणि मला पत्ताच नव्हता.

"यंदा जायचं नाही ना ऊसतोडीला?" मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"मला एकटीला कोण नेतंय? कोयता जोडीचा असतो दादा, नवरा-बायकोचा." त्यांनी पदर सारखा केला. "वर्षश्राद्ध आलंय. भिंतीला त्यांचा फोटो पाह्यजे. घरात एक बी न्हाई. तुमी तर लई काढले त्यांचे."

"पुष्कळ आहेत," मी म्हणालो. मला हायसं वाटलं. निदान एवढं तरी माझ्या हातात होतं. स्टूल ओढून त्यांना संगणकासमोर बसवलं आणि एकेक फोटो दाखवू लागलो.

बांबू रोवून नाव ढकलणारी पाठ. दोरीवरचे हात. चिखलातली पावलं. पहाटेच्या उजेडात काळी आकृती. जाळं फेकताना डोक्यावर गेलेले दंड, आणि दंडांआड दडलेलं तोंड. मामी प्रत्येक फोटोला मान हलवायच्या. "हे तेच. हे बी तेच." आणि मग थांबून म्हणाल्या, "पण तोंड कुठंय?"

मी पुढचा काढला. त्यात पाठ होती.

"दादा, तुमी कावून त्यांच्या मागूनच काढले?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. एकदा मोठ्या शहरात माझ्या फोटोंचं प्रदर्शन लागलं होतं. मामांचा पाठमोरा फोटो दारातच मोठा करून लावला होता. एक जाणकार गृहस्थ त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, चेहरा नाही, म्हणूनच हा नदीकाठच्या सगळ्यांचा फोटो झालाय. मला ते इतकं आवडलं की त्यानंतर मी चेहरे टाळतच गेलो. मी मामींना म्हणालो, "दोन दिवस द्या. शोधून ठेवतो."

दोन दिवस दुकान सांभाळत जुन्या सगळ्या डिस्क चाळल्या. डोळ्यांना पाणी यायचं, मान अवघडायची. दुसऱ्या दिवशी दुपारी एक फोटो सापडला. लांबवर, कोपऱ्यात, मामा काठावर बसून जाळं सोडवत होते आणि चेहरा कॅमेऱ्याकडे होता. तेवढाच तुकडा मोठा केला, जमेल तेवढा साफ केला, आणि त्यांच्या गावात निरोप धाडला.

मामी वडापच्या जीपने आल्या. फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"हे ते न्हाईत," त्या म्हणाल्या. "हे त्यांचे धाकले भाऊ."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फोटो हळूच टेबलावर ठेवला आणि मलाच म्हणाल्या, "व्हतं असं. दोघं दिसायला सारकेच." नऊ वर्षं मी त्या माणसाच्या नावेत बसलो होतो. त्याच्या डब्यातली भाकरी खाल्ली होती. आणि त्याचं तोंड मला ओळखता आलं नाही.

मग त्यांनी पिशवीतून मामांचं आधार कार्ड काढलं. अंगठ्याच्या नखाएवढा फोटो, डोळे वटारलेले, कुणीतरी दटावल्यासारखे. तोच स्कॅन करून मोठा केला. चेहरा पुसट होता; एकेक रेघ पुन्हा ओढावी लागली. कपाळावरची आठी, डाव्या भुवईतला जुना व्रण. व्रण मामींनी सांगितला, कार्डावर तो दिसत नव्हता.

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोला कोट घालायची पद्धत आहे. मी विचारलं, कोट घालायचा का?

"कोट नगं. जन्मात घातला न्हाई त्यांनी. पांढरा सदरा अन् टोपी."

"आणि मागे? निळा रंग टाकू?"

"मागं नदी टाका," मामी म्हणाल्या. "पाणी असलेली."

नदीच्या फोटोंत मी कधी काही बदललं नव्हतं. आकाशातली वीज मंडळाची तारसुद्धा पुसली नव्हती. जे आहे ते तसंच ठेवायचं, हा एवढाच माझा नेम होता, आणि इतक्या वर्षांच्या कामात अभिमान बाळगावा असं तेवढंच शिल्लक होतं. मामी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना माझ्या नेमाचं काय? मी पहिल्या वर्षाचा फोटो उघडला, दोन्ही काठ भरून पाणी असलेला, आणि मामांना त्याच्यापुढे उभं केलं. नदीवर ऊन डावीकडून पडलं होतं, चेहऱ्यावर उजेड समोरून. ते जुळेना. संध्याकाळपर्यंत खपलो, तरी पुरतं जुळलं नाही.

वर्षश्राद्धाच्या दिवशी फ्रेम घेऊन मी स्वतःच गेलो. भिंतीला टांगली, हार घातला. भावकीतली माणसं पुढे येऊन बघत होती. मामांचे धाकटे भाऊ माझ्याशेजारी उभे राहिले. त्यांचा चेहरा पाहून माझी मान खाली गेली.

"झ्याक आलाय," ते म्हणाले. "कवा काढला हो असा?"

मी तोंड उघडायच्या आत मामी म्हणाल्या, "दादांनीच काढला. नावंत बसून. पाणी व्हतं तवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी फ्रेमवरचा हार सारखा करत राहिलो. खरं सांगायला हवं होतं, असं आजही कधी कधी वाटतं. पण तिथे उभा असताना अजिबात वाटलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर मामींनी मला बाजूला बोलावलं. "माझा बी काढून ठिवा. आत्ताच. माझ्या मागून पोरींनी फोटोसाठी कुठं हिंडावं?"

त्यांना दारात खुर्चीवर बसवलं. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, हात मांडीवर ठेवले आणि थेट कॅमेऱ्यात बघितलं.

"थोडं हसा मामी."

"आजच्या दिवशी?" त्या म्हणाल्या, आणि मी बटण दाबलं.

मग त्यांची जाऊ आली. शेजारची एक म्हातारी काठी टेकत आली, तिने आधी विचारलं, तोंड नीट येईल ना? धाकटे भाऊ टोपी झटकून बसले. नदी तिथून हाकेच्या अंतरावर होती, पण त्या दिवशी मी खाली उतरलो नाही. पाय दुखत होते, आणि दारात माणसं वाढत होती. प्रत्येकाचं नाव वहीत लिहून घेत, खुर्ची उन्हाप्रमाणे सरकवत, मी एकेक चेहरा काढत राहिलो. बॅटरी संपली तेव्हा तिघीजणी अजून पदर सावरून उभ्या होत्या.