ऊब पाहणारा डोळा

माझी मुलगी मुक्ता मला संगणकावर लढाऊ विमान चालवायला शिकवते आहे. वेग, उंची दाखवणारे काटे जमायला लागले, तेव्हा काल तिने विमानाचा कॅमेरा उघडून दिला.

"बाबा, हा उजेड नाही बघत, ऊब बघतो."

पडद्यावर काळपट गाव होतं. पेटलेली चूल पांढरी, ट्रकचं इंजिन पांढरं आणि ट्रकशेजारून चालणारा एक पांढरा ठिपका. मी बटण दाबलं. ठिपक्याभोवती चौकोन बसला. ठिपका वळला, तसा चौकोनही वळला.

"लॉक झालं! आता जाऊ दे त्याला कुठंही," मुक्ता म्हणाली.

मी खेळ बंद केला. खेळच तर आहे, असं स्वतःला बजावत मी गच्चीवर गेलो. बायको कपडे वाळत घालत होती. ढगांआडून विमानाची घरघर आली.

"अगं, सावलीत ये!" मी ओरडलो.

"ऊन कुठंय आता?" ती हसली.

मग आठवलं, त्या डोळ्याला सावली आड येत नाही. आपण जिवंत आहोत, एवढी खूण त्याला पुरते. आजवर माणसाचं अंग गार लागलं की धसका बसायचा.

मी तिचा हात धरला. तो चांगला उबदार होता.