साडूचं मशीन आणि नाळीवरचं कुंकू

"मशीन चुकतंय," मी म्हणालो. खरं तर ते चुकावं अशी माझी फार इच्छा होती.

नौदलाची छोटी गस्ती बोट खाडीकाठच्या आमच्या यार्डात वर ओढून घेतली होती. माझं काम थिकनेस सर्व्हेचं. खारं पाणी बोटीचा पत्रा खातं. किती खाल्ला, ते मी मोजायचो. ठरलेल्या जागी रंग घासायचा, जेल लावायची, प्रोब टेकवायचा. प्रोब आवाजाच्या लहरी सोडतो आणि त्या परत यायला लागणाऱ्या वेळावरून पत्र्याची जाडी कळते. असा एकेक ठिपका. तोवर बोट आठवडेच्या आठवडे जमिनीवर पडून. कमांडरसाहेब वैतागले होते. "नवीन टेक्नॉलॉजी आणा. ज्याचं काम चोख, पुढच्या सगळ्या बोटी त्याच्याकडे."

ती आणली दिनेशने. कुडाळचा, माझा सख्खा साडू. त्याचं मशीन चुंबकी चाकांवर पत्र्याला चिकटून चढायचं आणि रंग न खरवडता सलग मोजत जायचं. घरी बायको म्हणाली, "दिनेशभावजींचा डोक्याच वेगळा!" मी जेवण अर्धं टाकून उठलो. वीस वर्षं मी गंजात हात घातले, आणि डोकं म्हणे त्याचं!

तर मशीन नाळीवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर चढलं आणि स्क्रीन लाल झाली. आठ मिलिमीटरच्या जागी जेमतेम चार.

"साडूभाऊ, हयसर कधी मोजलास?" दिनेशने विचारलं.

तिथे कोणीच मोजत नसे. बोट पाण्यात सोडताना त्याच जागी नारळ फोडायचा, हळदकुंकू वाहायचं. पूजेच्या जागेला ग्राइंडर लावायची आमच्याकडे पद्धत नाही. आजूबाजूला मोजून पुढे जायचं.

"कुंकवाच्या थराने मशीन फसलंय," मी साहेबांना ठासून सांगितलं. "घासून दाखवतो."

फोरमन भिकू आडवा आला. "आधी गाऱ्हाणा घालतंय, मगे घास." त्याने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या जाग्यार आज लोखंड घासतंव. काय चुकला-माकला तर पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. माझा आवाज सर्वांत मोठा. मी मनातल्या मनात वेगळंच मागत होतो.

घासलं. कुंकवाखाली रंग नव्हताच, नुसता गंज. प्रोब टेकवला. जेमतेम चार. प्रोब बदलला, तेच. आत शिरून मोजलं, तेच. दिनेश हसलासुद्धा नाही, त्याचा मला जास्त राग आला.

साहेब सगळं बघत होते. "परब, तुम्हाला ते चुकीचं ठरवायचं होतं ना?"

"हो सर."

"तरी ठरलं नाही. व्हेरी गुड."

तेवढा पत्रा बदलला आणि बोट खूपच लवकर पाण्यात गेली. पुढच्या सगळ्या बोटी दिनेशला मिळाल्या. मलाही काम मिळालं. मशीन जिथे लाल दाखवेल, तिथे परबांनी हाताने तपासल्याशिवाय पत्रा कापायचा नाही, अशी साहेबांची ऑर्डर. निवृत्त होईपर्यंत मी साडूच्या रिपोर्टखाली सही करत आलो, 'तपासले, बरोबर आहे.'

नव्या मशीनची परीक्षा घ्यायला तज्ज्ञ शोधत बसू नये. मशीनवाल्यावर जळणारा माणूस नेमावा. तो एकही ठिपका सोडत नाही.