तिवरांतल्या होड्यांची शिरगणती

सीमा गमरे खाडीवर कुणालाच नको होती. कायाकवाल्यांना ती चुगलखोर वाटायची आणि कोळणींना कायाकवाल्यांची माणूस.

चिंचपोकळीच्या चाळीतली ही चौतीस वर्षांची बाई. एका पर्यावरण संस्थेनं तिला तीन महिन्यांसाठी माहीमच्या खाडीवर नेमलं होतं. धक्क्यावर खुर्ची टाकून बसायचं आणि हौशी लोकांच्या त्या निमुळत्या, वल्ह्यानं चालवायच्या होड्या, म्हणजे कायाक, तिवरांच्या फाट्यात, खाडीच्या त्या अरुंद शाखेत, किती शिरतात ते लिहायचं. एका वेळी पंधराच्या वर नकोत, असं ठरलं होतं. जास्त झाल्या की बगळे घरटी सोडतात, वल्ह्यांत अडकून जाळी फाटतात.

पहिल्याच रविवारी दादरचा हेरंब करंदीकर तिच्यासमोर उभा राहिला. होड्यांचा क्लब त्याचा.

"किती झाल्या?"

"एकसष्ट. सगळ्या एकदमच आत आहेत."

"चौदा लिही."

"मोजल्यात मी, सर."

"काठावरून? एकच होडी दोनदा आत जाते, तुला कळतं तरी का? पाण्यात उतरलीस का कधी?"

मागचे लोक हसले. सीमाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. उतरली नव्हती. पोहताही येत नव्हतं तिला.

आकडे मनचे लिहिलेत, असं पत्र हेरंबनं संस्थेला धाडलं. संस्थेतले तिचे साहेब अभय यांचा फोन आला. "पुरावा आहे का काही? नसेल तर या महिन्याचे आकडे सोडून देऊ."

"सोडून देऊ म्हणजे? मी उन्हात बसले ते काय गंमत म्हणून?"

फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी ती आनंदीबाईकडे गेली. ही कोळीण रोज मासळीचं पाणी मुद्दाम सीमाच्या खुर्चीजवळ ओतायची.

"मला रविवारी होडीतून आत न्याल?"

"मोजून मासं येणार हायत काय?"

"नाही येणार."

आनंदीबाईनं तिला खालीवर न्याहाळलं. "बुडालीस तर मी उडी नाय मारणार."

"नका मारू."

रविवारी भरतीला दोघी फाट्याच्या तोंडाशी जाऊन थांबल्या. प्रत्येक कायाकच्या नाकावर नंबर रंगवलेला होता. सीमा एका हातानं होडीचा काठ घट्ट धरून दुसऱ्या हातानं नंबर आणि वेळ लिहीत होती. साडेनवाला फाटा असा तुंबला की होडीला होडी घासू लागली, शिव्या सुरू झाल्या. आनंदीबाईचं जाळं एकाच्या वल्ह्यात गुरफटलं आणि टर्रकन फाटलं.

हेरंब आला. त्यानं त्यांच्या होडीवर वल्हं आपटलं. "मावशी, बाजूला घ्या!"

"तुझ्या बापाची खाडी काय रे?"

त्यानं वल्ह्यानं पाणी उडवलं ते थेट सीमाच्या वहीवर. पानं भिजली, पण पेन्सिलीची अक्षरं फुटली नाहीत. सीमानं वही झटकली आणि त्याच्यादेखत त्याच्या होडीचा नंबर लिहिला.

नऊ ते दहा या तासात, एकही नंबर दोनदा न धरता, त्रेपन्न होड्या आत; बाहेर एकही आली नाही.

संस्थेनं क्लबसोबत घेतलेल्या बैठकीत तिनं सगळे नंबर मोठ्यानं वाचले. हेरंब तणतणला, "ही आमच्यावर पाळत ठेवते!" पण एकही नंबर त्याला खोडता आला नाही. फाटा रविवारी कायाकना बंद ठेवायचं ठरलं. सगळे उठल्यावर अभय साहेब तिला म्हणाले, "पुढचे दोन महिने नको येऊस. तुझ्यामुळे वातावरण बिघडलं."

"हे लिहून द्या, सर."

त्यांनी दिलं नाही. समोरचा चहा तसाच ठेवून ती निघाली.

आनंदीबाईला सांगायला ती धक्क्यावर गेली. कौतुक नाहीच. "रविवारी बंद. आनि बाकीचं सहा दिवस? माजं जालं कोन शिवनार?"

सीमानं संस्थेचा पत्ता कागदावर लिहून दिला. "मला काढलं त्यांनी. तुम्हाला कसं काढतील?"

सोमवारी संस्थेच्या ऑफिसात अकरा कोळणी फाटकी जाळी घेऊन दारातच बसल्या. अभय साहेबांनी सीमाला चार फोन केले. तिनं एकही उचलला नाही.