नऊ-चार की आठ-सहा

आमच्याकडे लाकडाला काय तोटा? नागभीडच्या भोवती जंगल, घराच्या चौकटीसुद्धा सागाच्या. पण दादाच्या छोट्या, उडवायच्या विमानाला वीतभर जादा पंखा हवा, तर तो कलकत्त्याहून मागवायचा. पत्र टाकून महिने झाले, पार्सलचा पत्ता नाही. बाबांना हा आमच्या सागाचा अपमान वाटला. त्यांनी सुताराकडून सागाचा पंखा करवून आणला. इंजिनावर लावून फिरवला, आणि तो फाटकन उभा चिरला. "घ्या तुमचा लाकडाचा राजा!" मी म्हटलं. बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

दादा नागपूरला शिकायला गेला आणि तिथं या तारेच्या विमानांच्या नादी लागला. मधे उभं राहून मूठ धरायची, मुठीला दोन बारीक तारा, तारांच्या टोकाला विमान. ते भोवती फिरतं आणि त्याच्यासोबत आपणही फिरायचं. सिकलसेलनं, रक्ताच्या त्या आजारानं, त्याला शिक्षण सोडायला लावून घरी आणलं, तेव्हा ट्रंकेत ते विमान होतं आणि उरलेले दोनच पंखे. दुखणं खुब्यात उतरलेलं. अंगात रक्त कमी, उठला की घेरी. डॉक्टर गोळ्या देत आणि म्हणत, सांभाळा. सांभाळा म्हणजे काय करा, ते कोणी सांगत नसे.

आणि याला विमान उडवायचं होतं. "एकडाव. माह्या हातानं. टाकी संपेपर्यंत."

पंखे दोन, नऊ-चार आणि आठ-सहा. पहिला आकडा लांबीचा, दुसरा पात्याच्या पिळाचा. पीळ जास्त तर विमान जोरात. आठ-सहा लावला तर दादाला भिंगरीसारखं गरगरावं लागणार, आणि त्याला तर खाटेवरून उठतानाच चक्कर यायची. नऊ-चार लावला तर विमान हळू. पण हळू विमानाच्या तारा वाऱ्यानं ढिल्या पडतात, मग मूठ कितीही हलवा, विमान ऐकत नाही. तेव्हा पटापट मागं सरायचं असतं. खुबा कुठला सरू देतोय! इकडे आड, तिकडे विहीर. दोन्ही पंखे मांडीवर घेऊन बसलं की मला त्या लाकडाचाच राग यायचा.

"सोडणारी तू, तं निवड बी तूच," दादा म्हणाला. मी नऊ-चार निवडला.

शाळेच्या मैदानावर त्या सकाळी वारा नव्हता. मायही आली होती. मी इंजिन सुरू करून विमान धरलं, दादानं मान हलवली, मी सोडलं. चार-दोन फेऱ्या मस्त झाल्या. मग तळ्याकडून झुळूक आली आणि तारा लोंबल्या.

"दादा, मांगं सरक!" मी ओरडले.

तो पाय उचलायला बघत होता. उचलला गेला नाही. विमान गवतावर आपटलं, पंख्याचे दोन तुकडे झाले, बाकी सगळं धड.

"आता आठ-सहा लाव."

"येडा झाला का तू? पडशीन नं!"

"पडलो तं पडलो. लाव म्हन्तो नं."

"नको लावू वो," माय म्हणाली. पण दादाच्या तोंडाकडे पाहून मला नाही म्हणवेना. लावला.

या पंख्याचा आवाजच चिरका. विमान सुसाट सुटलं. दादा फिरला, फिरला, आणि त्याचे गुडघे दुमडले. बसला खाली. मूठ मात्र सोडली नाही, डोक्यावरून या हातातून त्या हातात फिरवत राहिला. माय धावली. मी तिला मिठी मारून अडवलं, कारण तारा कमरेच्या उंचीवर फिरत होत्या. मधे जाईल त्याला त्यांनी कापलं असतं.

"बंद कर नं ते इंजिन!"

"बंद नाई होत, माय. तेल संपन तवाच."

ती माझ्या हातांवर बुक्क्या मारत होती. मला दुसरं काहीच करता येत नव्हतं, म्हणून तिला धरून ठेवलं.

शेवटी इंजिन थांबलं आणि विमान आपसूक गवतावर उतरलं. आम्ही पोचलो तेव्हा दादा आडवा पडला होता, डोळे घट्ट मिटलेले.

"उतरलं का बरोबर?"

"उतरलं. पंखाबी तुटला नाई."

मला वाटलं, आता म्हणेल, भर टाकी.

"मंग काढून ठेव तो," दादा म्हणाला. "माह्याच्यानं नाई होत आता."