सुनेच्या कपाटातली काळी पुआन

मुलाचं अपेंडिक्स फुटलं होतं. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या हॉस्पिटलात ऑपरेशनसाठी न्यायला थोडा वेळ होता आणि पोरगा थंडीनं नुसता कुडकुडत होता. सून खाली फॉर्म भरायला गेलेली. घरून निघताना घाईत मी तिच्या कपाटातली जाड, काळी, रंगीत पट्ट्यांची पुआन बॅगेत कोंबली होती. सून मिझोरामची; पुआन म्हणजे तिकडच्या मिझो बायका कमरेला गुंडाळतात ते हातमागाचं वस्त्र. तीच काढून मी लेकाला गळ्यापर्यंत पांघरली.

सून आली, दारातच थबकली आणि धावत येऊन तिनं ती पुआन खस्सकन ओढून काढली.

"अगं, वेड लागलंय का तुला? गारठलाय तो!" मी नर्ससमोरच ओरडले. तीन वर्षांत कधी उलटून न बोललेली ही मुलगी एका कापडासाठी माझ्या आजारी मुलाला उघडं पाडते! माझं डोकंच फिरलं. तिनं ब्लँकेट मागून आणलं, त्याला नीट गुंडाळलं. तेवढ्यात त्याला न्यायला माणसं आलीच.

बाहेर बाकावर मी तोंड फिरवून बसले.

"आई," ती पुण्यात शिकताना उचललेल्या मराठीत म्हणाली, "ही लग्नात माझ्या आईनं दिली. आमच्यात प्रत्येक मुलगी सासरी घेऊन जाते. सासरच्या घरात कोणी वारलं, की त्याच्यावर घालायची असते."

मी असलं काही मानत नाही, हे आयुष्यभर चारचौघांत मिरवलेलं. पण आता डोक्यात एकच घुमत होतं. माझ्या हातांनी मी माझ्या लेकराला काय पांघरलं होतं!

"मला काय माहीत गं?"

"त्यानं काही होत नाही, आई." असं म्हणाली खरी, पण तिचेही ओठ पांढरे पडले होते. डोळे मिटून ती तिच्या भाषेत प्रार्थना पुटपुटत राहिली. मी ऑपरेशन थिएटरच्या बंद दारावरून नजर हलवली नाही.

दीड तासानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. सगळं व्यवस्थित झालं होतं. सून हमसून रडायला लागली, मीही.

मग ती पुआनची घडी घालायला लागली, तशी माझी पुन्हा सटकली. "जाळून टाक ती! घरात कशाला ठेवायची असली वस्तू?"

"नाही, आई," ती म्हणाली. "तुमच्यासाठीपण आहे ना."

लग्नात मी हिच्याशी धड बोललेही नव्हते. आणि ही पोर मला शेवटचं पांघरूण घालायच्या तयारीनं माझ्या घरात आली होती.